राखेतलं पाऊल

हॉप-टू-ना हा आमच्या बेटावरचा हिवाळ्याच्या तोंडचा सण; त्या रात्री चुलीपुढे राख सारखी करून निजायचं आणि सकाळी उठून बघायचं, ही आमच्या डॉल्बी गावातली रीत. राखेत आत येणारं पाऊल उमटलं तर घरात पाळणा हलतो. दाराकडे जाणारं उमटलं तर घरातलं कुणीतरी जातं. त्या वर्षी माझे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते आणि राख मीच मोठ्या हौसेनं पसरली होती.

सकाळी पाऊल होतं. माझ्या बोटाएवढं, दाराकडे जाणारं.

"पिठाच्या पिंपामागचा लांबशेपट्या फिरला असेल," माझा नवरा इलियम म्हणाला. पण त्याचंही तोंड उतरलं होतं. आमच्याकडे उंदराचं नाव घेत नाहीत, म्हणून लांबशेपट्या; पण त्याला टाच कुठून येणार? मी पोट धरून रडायला लागले.

"काय गं, कोण मेलं?" सासूबाई आतून ओरडल्या. कंबर मोडल्यापासून त्या खाटेवरच असायच्या. जीभ मात्र धड होती.

"अजून कुणी नाही, आई," इलियम बोलून गेला.

"मग मला उचल आणि तिकडे ने. अरे, हळू! पोतं नाही, आई आहे तुझी."

त्यांनी पाऊल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मोजा काढायला लावला, आणि लेकाच्या खांद्याला लटकून आपला उघडा पाय त्या इवल्या पावलावर ठेवून दाबला. त्यांची करंगळी वाकडी होती, तीही राखेत उमटली.

"हे बघ, माझंच आहे. उगाच गळा काढलास."

"आई, नका हो," मी म्हटलं.

"गप बस. मासे-बटाटे कुस्करून आण. आणि लोणी घालताना हात आखडू नकोस, जाणाऱ्या माणसाला तरी पोटभर वाढ."

आठवडाभरात त्या गेल्या. त्यांना पुरून आलो त्याच संध्याकाळी माझी लेक ब्रीशी जन्मली, धडधाकट आणि भोकाड पसरणारी.

पुढच्या वर्षी राख पसरायचीच नाही असं ठरवलं होतं. पण न बघण्याची भीती जास्त होती. सकाळी तेच पाऊल दाराकडे निघालेलं, आणि त्याच्यावर वाकड्या करंगळीचा मोठा ठसा. मी तिथेच ढसाढसा रडले. तेव्हापासून दर सणाला मी चुलीपाशी त्यांच्यासाठी कुस्करलेल्या मासे-बटाट्यांची एक बशी ठेवते, भरपूर लोणी घालून. सकाळी बशी रिकामी असायची. ब्रीशीबरोबर ते इवलं पाऊलही वाढत गेलं. वरचा ठसा मात्र वर्षागणिक फिका होत चालला.

काल सणाला ब्रीशीनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सलगमाचा कंदील कोरला आणि गावभर मिरवला. आज सकाळी ती उठायच्या आत मी चुलीपाशी गेले. राखेत एकच पाऊल होतं, दाराकडे जाणारं. वाकडी करंगळी कुठेच नव्हती. बशीतल्या लोण्याला कुणी हात लावला नव्हता.

"आई, पाऊल आलंय का गं?" माडीवरून ब्रीशीनं विचारलं. "कुणाचं आहे?"

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी मोजा काढला. राख अजून कोमट होती. पाय टेकवला आणि नीट दाबला.

"माझं आहे गं," मी म्हटलं.