अडल्याशिवाय बोलायचं नाही

आजोबांनी नाटक कंपनीत बेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर म्हणून काढली. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. नट अडला नाही, तर तोंड उघडायचं नाही. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे प्रेक्षकांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात ते दूध तापत ठेवून दूध आणायला गेले. पातेलं गेलं, खिडकीचा पडदा गेला. आत्या म्हणाली, "बस्स झालं. डॉक्टरांनी नापास केलं की घराला कुलूप आणि बाबा माझ्याकडे."

आजोबांना आत्याकडे जायचं नव्हतं. तिच्याकडे उशी कुठल्या बाजूनं थोपटायची याचेही नियम आहेत.

तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीन शब्द लक्षात ठेवा. चमचा, ढग, सायकल. पाच मिनिटांनी विचारीन."

पाच मिनिटांनी विचारलं. आजोबा त्यांच्या तोंडाकडे बघत गप्प.

"निदान एखादा?"

बाईंनी कागदावर शून्य काढलं, छान गोल. मग माझ्याकडे वळल्या. "नातवानं सुरुवात करून द्यावी बरं."

"चमचा," मी म्हणालो, "आणि..." पुढे डोकं स्वच्छ.

"ढग," कुठूनसं आलं. आजोबांचे ओठ हलले नव्हते.

"ढग. आणि..."

"सायकल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, मघाशी का नाही बोललात?"

"मघाशी कोण अडलं होतं?"

बाईंनी आणखी तासभर तपासलं. आजार आहे, तो वाढणार, हे स्पष्ट सांगितलं. मग कागदावर लिहिलं: 'घरीच राहू शकतात. एकटे नको. सोबत विसरभोळी व्यक्ती असल्यास उत्तम.'

आत्यानं ते घरच्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला उठलो होतो आणि स्वयंपाकघराच्या दारात, आपण का उठलो, याचा विचार करत उभा होतो.

आता मी आजोबांकडे राहतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्या भल्यासाठी मुद्दाम अडायचो. "आजोबा, पंख्याचं बटण कुठलं हो?" ते ढिम्म. शेवटी म्हणाले, "खोटं अडू नकोस. खरा अडलेला नट आधी पायाकडे बघतो."

काल सकाळी त्यांनी मला विचारलं, "तू कुणाचा रे?" मी सांगितलं. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

मग आत्याचा फोन आला. "बाबा कसे आहेत? खरं सांग हं."

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मी पायाकडे बघत राहिलो.

"मजेत," शेजारच्या खुर्चीतून हळूच आलं.

"मजेत," मी म्हणालो.