टॅमराची न झालेली सही

"सही करू नकोस, आई."

टॅमराने पेन कागदावर टेकवलंच होतं. बँकेतला कारकून अडकलेला प्रिंटर बघायला आत गेला होता.

"म्हणजे?"

"बाहेर चल. सांगते," डेलेनी म्हणाली.

टॅमरा स्लोन अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात, इस्पितळाला जोडून असलेल्या वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची, यातच तिचं तारुण्य सरलं. पण पोरगी डॉक्टर होणार, एवढं आठवलं की ती गुडघेदुखी विसरायची. मेडिकलला अर्ज करायच्या आधी चार वर्षांची पदवी लागते; डेलेनीची त्यातली दोन वर्षं झाली होती. उरलेल्या दोन वर्षांना सरकारी कर्ज पुरेना, म्हणून खासगी कर्जाला जामीन राहायला टॅमरा आज रजा टाकून, ठेवणीतला शर्ट घालून आली होती.

पिकअपमध्ये बसताच डेलेनीने एका दमात बोलून टाकलं. "ब्रेना आठवते ना? कॉलेजात माझ्या पुढे होती ती? पदवी मिळाली, मेडिकलला दोनदा अर्ज केला, दोन्हीदा नकार. आता औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. पगार तुझ्याएवढाच, आणि त्यातला मोठा घास कर्जाचा हप्ताच खातो."

"तू म्हणजे काय ब्रेना आहेस?"

"नाही ना. ब्रेना माझ्यापेक्षा हुशार आहे."

टॅमराला हसू आलं असतं, पण राग आधी आला. "डॉक्टर किती कमावतात माहितेय? एकदा झालीस, की हे कर्ज म्हणजे चणेफुटाणे!"

"ती डॉक्टरची कमाई, आई. मला मिळणारी पदवी म्हणजे दार नव्हे, दाराबाहेरची रांग आहे. रांगेत उभं राहायचे कोणी पैसे देत नाही. रसायनशास्त्रात मी कशीबशी काठावर पास झालेय. मेडिकलवाले तेच आधी बघतात." तिचा आवाज खाली आला. "आधीचे अठरा हजार डॉलर आहेतच डोक्यावर. ते माझे मी फेडीन. पण हे नवं बुडालं, तर बँकेचे लोक तुझ्या दारात येतील."

"मग काय घरी बसून माश्या मारणार?"

"आपल्या इथल्या कॉलेजात श्वसनोपचाराचा, म्हणजे धाप लागलेल्यांना श्वास घ्यायला मदत करायचा, दोन वर्षांचा कोर्स आहे. फी सरकारी अनुदानातच भागते. परवाना मिळाला की नोकरी, आणि पगार ब्रेनापेक्षा कितीतरी बरा."

"नळ्या लावणार तू? चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ मी? पाद्रीबाबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केलीय!"

"मग देवाला सांग, बेत बदलला."

टॅमराने गाडी सुरू केली. घर येईपर्यंत तिने रेडिओलाही तोंड उघडू दिलं नाही.

पुढे आठवडाभर दोघींचं बोलणं जेवणापुरतंच होतं. खरं तर राग पोरीवर नव्हता. ती स्वप्नातली डॉक्टर पोरीची कमी, टॅमराचीच जास्त होती. इतकी वर्षं मनात जपलेली, न्हाऊमाखू घातलेली. तिला घराबाहेर कसं काढायचं, हेच टॅमराला कळत नव्हतं.

अशात एका दुपारी वृद्धाश्रमातल्या एस्टिल होलब्रुकना धाप लागली. त्यांचा सारा जन्म कोळशाच्या खाणीत गेला होता, आणि ती धूळ अजून छातीत होती. ओठ निळे पडले. नर्सने ऑक्सिजन वाढवला, इस्पितळात फोन लावला. तोवर टॅमरा त्यांचा हात धरून बसली. एवढ्या वर्षांत असे कितीतरी हात तिने धरले होते. धरण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं.

श्वसनोपचार करणारी जिनेल धावतच आली. तिने तोंडावर मास्क बसवला, यंत्र जुळवलं आणि म्हाताऱ्यासमोर वाकली. "एस्टिलदादा, माझ्याकडे बघा. गरम कॉफीवर फुंकर घालता ना, तसा श्वास सोडा. सावकाश. असंच!"

हळूहळू ओठांवर रंग आला. मास्कआडून म्हातारा कुरकुरला, "उशीर केलास गं पोरी."

"एकटी कुठेकुठे पुरणार, दादा? दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत. या डोंगरात यायला कोणी तयारच होत नाही."

"माझी मुलगी येणार आहे," टॅमरा बोलून गेली, आणि स्वतःच चपापली.

एस्टिलनी मान वळवली. "ती? ती तर डॉक्टर होणार होती ना?"

"नाही," टॅमराने जिनेलकडे बोट दाखवलं. "आता हिच्यासारखी होणार आहे."

संध्याकाळी तिने डेलेनीच्या ताटात मक्याच्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा वाढला. "फी कधी भरायची?"

"अनुदान आहे, आई. सांगितलं ना तुला."

"मग बूट तरी मी घेणार. आणि चांगले घेणार. दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, ते मला विचार."

भांडी घासताना टॅमरा थोडी रडली. नळ सोडलेला होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

दोन वर्षं गेली. एस्टिलही गेले. डेलेनीला इस्पितळात नोकरी लागली. जुन्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जात होता, आणि जाऊनही बऱ्यापैकी उरत होतं.

जूनमध्ये एका दुपारी टॅमरा नव्या आलेल्या आजोबांना सूप भरवत होती. अचानक त्यांचा श्वास घरघरू लागला. टॅमराने बेल दाबली. थोड्याच वेळात यंत्राची गाडी ढकलत डेलेनी आत आली. तिचं लक्ष फक्त म्हाताऱ्याच्या छातीकडे होतं. कोण उभं आहे, हेही तिने पाहिलं नाही.

"बाजूला व्हा जरा," ती म्हणाली. "उशाशी जागा द्या."

टॅमरा सुपाचा वाडगा घेऊन मागे सरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.