न सुजलेलं बोट

सोफे दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात काम सुरू होण्याआधी कारखाना चालवणारी ताई सगळ्यांची बोटं दाबून बघायची. जुन्या सोफ्यांच्या पोटात गंजके खिळे आणि तुटक्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे टोचणं रोजचंच. बोट लाल, गरम, टम्म दिसलं की तो माणूस दवाखान्यात. नाहीतर कामाला. "माणूस थापा मारतो, बोट मारत नाही," असं तिचं म्हणणं. कामचुकारांना हा नियम बरोबर लागू पडायचा, म्हणून सगळे त्याला शहाणपणाचा समजत.

तिचा धाकटा भाऊ तिथला सगळ्यात चांगला कारागीर. बाकदार सुईने असा टाका घालायचा की शिवण शोधावी लागे. अलीकडे त्याला सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. गुडघे हलके झाले म्हणून ताई खूश होती.

एका सोफ्याचं अस्तर फाडताना त्याच्या उजव्या तर्जनीत खिळा घुसला. दुसऱ्या सकाळी ताईने बोट दाबलं. थंडगार, सूज नावालाही नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच.

"एवढं काय बोट जपतोस, अंगठी घालायचीय का? लाग कामाला," ती म्हणाली. सगळे हसले. तोही हसला.

मग एका सकाळी तो सुई धरून नुसताच बसून राहिला. हाक मारली की भलतंच उत्तर देई. बोटाचं टोक काळं पडलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या होत्या. "जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गाठतात आणि रसायनं सोडून बोंब ठोकतात. मग रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, आणखी पेशी धावून येतात. सूज म्हणजे तीच धावपळ. यांच्या गोळ्यांनी त्या पेशींचं तोंडच दाबून धरलं होतं. जंतूंना रान मोकळं."

"मग गोळ्या आजपासून बंद करते," ताई म्हणाली.

"तसं अजिबात करू नका. एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल. ते आमच्यावर सोडा. माणूस वाचेल बहुतेक. बोट नाही."

माणूस वाचला. बोट मुळापासून काढावं लागलं, आणि त्याबरोबर ते न दिसणारे टाकेही गेले. ताईला याचं भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की भांडायला उठायची तिची सवय.

"मी रोज बघत होते रे," तो नीट बोलायला लागल्यावर ती म्हणाली. "काही म्हणजे काही नव्हतं."

"ठणकत होतं. खिळा लागला त्या रात्रीपासून."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं नाही?"

तो बँडेजकडे बघत होता. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

"बोट थंड होतं, ताई. तू माझं ऐकलं असतंस?"

ताईकडे उत्तर होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.