तारेच्या आतला पवन्या

मित्रांनो, मी पवन्या गवताचा एक जुना ठोंब आहे. गवताला कसले आले चरित्र, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. पण कडेगावच्या उत्तरेच्या माळावर आमचे कुरण होते, हे सांगणारे दुसरे कोणी उरले नाही. म्हणून धीर करतो.

माझे वय मला ठाऊक नाही. गवत दरसाल वाळते, पण मुळे जुनीच असतात. मृगापासून दसऱ्यापर्यंत कुरणात जनावर सोडायचे नाही, असा गावाचा नेम होता. दसऱ्यानंतर ज्याने त्याने लागेल तसे कापावे आणि शिमग्यापर्यंत पुरवावे. बहात्तरच्या दुष्काळात सारा माळ करपला, पण पुढच्या पावसात आठ दिवसांत आम्ही हिरवे झालो. तेव्हा गावातल्या हरणाबाईने माझ्यावरून हात फिरवला होता. दुष्काळात तिची एकुलती खिलार गाय आमच्या जुन्या गंजीवरच जगली होती.

पंचाहत्तरच्या मार्गशीर्षात जमीन पाहायला एक सरकारी साहेब येणार, असा निरोप आला. सरपंच हिंदुरावांनी सगळे कुरण दोन दिवसांत कापायला लावले.

"आवं सरपंच, उभं राहू द्या की गवात," हरणाबाई म्हणाली.

"पाव्हणा यायचा म्हंजे अंगण झाडत्यात का न्हाई?"

"झाडत्यात. खरडत न्हाईत!"

माणसे हसली आणि खुरप्याने बुडखेसुद्धा खरडू लागली. माळ चकचकीत झाला. साहेबांनी जीपमधून उतरून पाहिले, तर नुसती माती आणि दगड.

"इथं काहीच उगवत नाही?"

हिंदुराव हरणाबाईकडे पाहू लागले. हरणाबाई पुढे झाली. "उगवतंय सायेब, लय उगवतंय! कालच कापलंय. चला, गंजी दावते."

"गंजी कुठल्याही रानाची असू शकते, बाई," साहेब म्हणाले आणि कागदावर त्यांनी 'पडीक' असे लिहिले.

पडीक जमिनीवर झाडे लावायची, असे ठरले. खड्डे खणले, निलगिरी लावली, भोवती काटेरी तार ओढली. आज चार वर्षे मी आत आहे. मला कोणी तोडत नाही, तुडवत नाही. तुम्ही म्हणाल, मग सुखी असशील. पण मित्रांनो, गवताला विळा लागतो, जनावराचे तोंड लागते. माझीच वाळलेली पाती माझ्यावर साचली आहेत. वर निलगिरीचा पाला पडतो. नवा कोंब त्याखाली पिवळा पडून कुजतो. पाय नसल्यामुळे मला बाजूलाही सरता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हरणाबाई गाय घेऊन तारेपाशी आली. गाईने मान घातली. माझ्यापासून तिची जीभ वीतभर लांब राहिली. राखणदार आकाराम धावत आला.

"मामी, गाय मागं घ्या. माजी नोकरी जाईल."

"आकाराम, तुज्या बानं बी ह्येच कुरण राखलं रं."

"त्यो परगावच्या ढोरास्नी आडवत हुता, मामी. मला आपल्यास्नीच आडवाय ठेवलंय."

गाईच्या मानेवर काट्याचा ओरखडा उठला होता, तो हरणाबाईने पदराने पुसला. दुसऱ्या दिवशी ती गाय घेऊन लेकीच्या गावी गेली. तिची गंजीची जागा आता मोकळी आहे, असे आकाराम कुणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, एखादा माळ उघडा दिसला, तर लगेच त्याला पडीक म्हणू नका. खाली बसा, बोटाने माती उकरा. मुळे लागली, तर तेथे कोणीतरी राहते आहे असे समजा; आणि त्याच्यावर कोणाची गाय जगते, तेवढे विचारून मगच काय ते लिहा.