डावं-उजवं शिकवणारी पेटी

या घरातल्या थोरल्या मुलीला वागायची रीत नाही, मित्रांनो. माझ्या झाकणावर ती चहाचा गरम मग ठेवते!

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात रंगीत गोळ्या आणि काड्या आहेत. काळी गोळी कार्बनची, तांबडी ऑक्सिजनची, निळी नायट्रोजनची, पांढरी हायड्रोजनची. काड्यांनी गोळ्या जोडल्या की रेणू उभा राहतो. मला अक्षर येत नाही, पण एके काळी माझ्यावाचून वर्गाचं पान हलत नसे. मुलीची आत्या रसायनशास्त्र शिकवायची. "फळा नसला तरी चालेल, पेटी आणा," म्हणायची. ती निवृत्त झाली आणि मी कपाटावर गेले. धूळ खाल्ली, कोळ्याला भाडेकरू ठेवलं, पण एक कोपरा ढिला होऊ दिला नाही.

यंदा मुलीला कॉलेजात जीवरसायनशास्त्र घ्यायचं होतं. शाळेत तिने रसायनशास्त्र सोडलेलं. त्यामुळे तोंडी परीक्षा पास झाली तरच हा विषय मिळणार होता. झालं! आमच्या बाईसाहेब घोकायला बसल्या. प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांची नावं जेवताना, केस विंचरताना, जिन्यात. शेवटी आत्याने मला खाली काढलं.

"हे काय गं आत्या, बाळांचं खेळणं?"

"म्हणून तर तुला दिलं. त्या विसांतलं ॲलनीन जोड."

पोरीने एक जोडलं, आत्याने एक. दोन्हींत मधल्या काळ्या गोळीला चिकटलेले चौघे अगदी तेच.

"आता तुझा रेणू माझ्या रेणूवर ठेवून सगळे रंग जुळव," आत्या म्हणाली.

पोरीने फिरवलं, उलटं केलं. दोन रंग जुळले की उरलेले दोन रुसायचे.

"तुझं चुकलंय, आत्या."

"कुठे चुकलंय? दाखव की."

पोरीने दोन्ही रेणू शेजारी ठेवून पाहिले. मग तिने स्वतःचे दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि किंचाळली, "अगं, माझं आरशातलं झालंय!"

"हो. आणि शरीर प्रथिनं बांधताना माझ्यासारखं डावंच घेतं, तुझं उजवं नाही."

पोरीने आपल्या रेणूतल्या दोन काड्या उपटल्या, अदलाबदल केली. रंगाला रंग जुळला! त्यानंतर तिने मला सोडलंच नाही. एकेक अमिनो आम्ल जोडायची, मोडायची. ग्लायसिनशी येऊन थबकली. "याला डावं-उजवं नाहीच! मधल्या काळीला दोन पांढऱ्या आहेत!" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी मुलं पाहिली मी, पण उगाच तोंडभर कौतुक करायची सवय नाही. त्या दिवशी मात्र ऊर भरून आला.

तिनेच नंतर सांगितलं, परीक्षेत नावं म्हणताना ती मध्येच अडकली. तेव्हा सरांनी विचारलं, "बरं, ग्लायसिन बाकीच्यांहून वेगळं कसं?" पोरीने हवेतच बोटांनी रेणू जोडून दाखवला.

"पास!" दारातूनच ओरडली ती. "आत्या, पेटी होस्टेलला नेऊ?"

"ने. पांढऱ्या गोळ्या हरवल्यास तर बघ."

मित्रांनो, जुनी वस्तू जपा म्हणजे नुसती पुसून ठेवू नका. तिला काम द्या. आणि तू, पोरी, आज सगळ्यांसमोर सांगते, ऐक: पाठांतरात तू ढ आहेस ती आहेसच. पण हाताला पटेपर्यंत तू हटत नाहीस. तुझ्याबरोबर यायला मला कमीपणा वाटत नाही. चल, उचल मला.