फळ्यावरचा पाऊस

हवामान प्रकल्पाची पाहणीवाली बाई अकराला येणार म्हणून गिरणीवाल्याने नऊ वाजताच गिरणी बंद केली आणि ओट्यावर जमलेल्या दहा-बारा जणांना पढवायला घेतलं.

"बाई विचारील, फळ्यावर काय लिहिलं होतं? सगळ्यांनी एकच सांगायचं, कोरडं हवामान लिहिलं होतं. पाऊस येणार हे वरच्यांनी कळवलंच नाही. समजलं?"

"आणि खरं काय लिहिलं होतं?" एका म्हाताऱ्याने विचारलं. त्या बिचाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"ते विचारून तुझ्या शेंगांचे कोंब आत जाणार आहेत का? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बस."

महिन्यापूर्वी सगळ्यांनी भुईमूग उपटून रानात वाळत घातला होता आणि त्यावर तीन दिवस पाऊस कोसळला. शेंगांना जागच्या जागी कोंब फुटले, उरल्या त्या काळ्या पडल्या. रानातून जाताना अजून कुजका वास नाकात बसत होता.

ओट्याच्या कडेला मांडीवर वही घेऊन फळेवाली बसली होती. दोन वर्षांपूर्वी हवामान प्रकल्पाची माणसं आली, तेव्हा अक्षर चांगलं आणि सातवी पास म्हणून त्यांनी तिला निवडलं. फोनवर आलेला अंदाज आधी वहीत उतरवायचा, मग गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा, एवढं काम. तेव्हापासून गाव तिला फळेवाली म्हणायचं. घरात मात्र ती धाकटीच. थोरली म्हणजे तिची विधवा जाऊ, आणि दोघींच्या रानांत एकच बांध.

पण गाव काही फळा वाचायचं नाही. निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांचा लिहिलेल्यावर भरवसा नव्हता. 'जोरदार पावसाची शक्यता' हे काय बोलणं झालं? शक्यता तर कशाचीही असते. त्यावर गावाने आपली युक्ती काढली. फळेवालीच्या रानाकडे बघायचं. तिने पेरलं की पेरायचं, तिने काढलं की काढायचं. तिला आतलं कळतं, ती स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेईल, असा सगळ्यांचा हिशेब. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचीला ठेच लागली आणि मागचे रांगेने तोंडावर आपटले.

वहीतल्या त्या तारखेच्या पानावर लिहिलं होतं, 'परवापासून तीन दिवस जोरदार पाऊस. काढणी थांबवा.' अक्षर धाकटीचंच. आणि दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःचा भुईमूग उपटला होता.

गिरणीवाला तिच्यापुढे वाकला. "ते पान तेवढं काढून टाक. आम्ही तुझं नाव घेणार नाही. तूही वाचशील, आम्हीही येडे ठरणार नाही."

"आणि प्रकल्प?"

"गेला तर गेला. ज्याचा अंदाज खोटा तो फळा कशाला हवा?"

धाकटीने पानाचा कोपरा चिमटीत धरला. फाडायला एक क्षण पुरला असता. समोर थोरली भिंतीला टेकून बसली होती. महिनाभर ती धाकटीशी बोलली नव्हती. घरचं बियाणं गेलं होतं, वर्षाच्या शेंगा गेल्या होत्या. तरीही तिने गावात कुणापाशी धाकटीच्या नावाने एक शब्द काढला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढंच म्हणायची. त्याचीच धाकटीला जास्त लाज वाटत होती. थोरलीने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई आली. तरुण होती, बूट चिखलाने माखलेले, हातात टॅब. पाणीसुद्धा न घेता कामाला लागली.

"संदेश वेळेवर मिळाला का?"

"मिळाला, पण खोटा," गिरणीवाल्याने सुरुवात करून दिली. मग एकेक जण तेच बोलत गेला. कोरडं लिहिलं होतं. पावसाचं नावच नव्हतं. म्हातारा तर गिरणीवाल्याच्याही वरताण निघाला. म्हणाला, "ऊन पडेल असं लिहिलं होतं, मी या डोळ्यांनी वाचलं." त्याला सहीसुद्धा येत नव्हती.

बाई भराभर बोट फिरवत होती. चेहरा पडत चालला होता. "इतकी चूक असेल तर पुढच्या हंगामात हे गाव ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "ताई, नोंदवही बघू."

धाकटीने वही दिली. पान होतं तिथेच होतं. बाईने वाचलं, पुन्हा वाचलं.

"इथे तर पाऊस लिहिलाय. काढणी थांबवा, असंही लिहिलंय."

गिरणीवाला तोंडातल्या तोंडात म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"फळ्यावरही हेच लिहिलं होतं," धाकटी म्हणाली. "अंदाज खरा होता, बाई. हे सगळे माझ्या रानाकडे बघून फसले."

"मग तुम्ही का नाही थांबलात?" बाईने टॅब पुढे धरला. "सल्ला न पाळण्याचं कारण. मिळाला नाही, समजला नाही, की विश्वास नव्हता?"

"मिळाला. समजला. विश्वासही होता."

"यातलं एकच सांगा."

"काढणीला मजुरांची टोळी मिळत नव्हती," धाकटी म्हणाली. "नवरा दम्याने खाटेवर. वेल पिकून गेले होते. अजून पंधरा दिवस राहिले असते तर शेंगा मातीतच तुटून राहिल्या असत्या. मुकादम म्हणाला, उद्या येतो, नाहीतर पंधरा दिवसांनी. म्हटलं, पाऊस दोन दिवस लांबला तरी पुरे."

"टोळीचा पर्याय यात नाही," बाई म्हणाली. तिलाही ते बोलताना बरं वाटलं नसावं. तिने 'विश्वास नव्हता'वर बोट ठेवलं.

इथे थांबता आलं असतं. गावानेही सुस्कारा टाकला होता. अडलेल्या बाईची चूक, कुणाच्याही हातून होते. पण थोरली भिंतीपासून उठली आणि महिन्यानंतर पहिल्यांदा बोलली.

"तुझं अडलं होतं, ते मला कळतं गं. पण मी बांधावर उभी होते. तू उद्या उपटणार ना, मग मीही उपटते, असं म्हणाले. तुला पाऊस ठाऊक होता. नको म्हणायला काय झालं होतं?"

हा प्रश्न महिनाभर तिच्या उशाशी होता.

"मुकादम म्हणाला होता," ती हळू म्हणाली, "एका रानासाठी टोळी आणणार नाही. दोन्ही रानांचं काम असेल तरच येईन."

कळायला गावाला थोडा वेळ लागला. थोरलीला लागला नाही. तिने पदर सावरला, बाईच्या टॅबवर दाखवलं तिथे अंगठा टेकवला आणि ओट्यावरून उतरून निघून गेली. तिच्या मागून एकेक जण उठला. गिरणीवाल्याने गिरणी सुरू केली, आणि त्या घरघरीत बाई काय म्हणाली ते धाकटीला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. अंदाज अचूक, पोहोच शंभर टक्के, नोंदी उत्तम. गाव राहील. फळाही तुमच्याकडेच.

आठ दिवसांनी पुढच्या पेरणीचा संदेश आला. धाकटीने ओला फडका फिरवून फळा पुसला आणि नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पुढचे पाच दिवस कोरडे. पेरणीची घाई नको.' वळली तर मागे थोरली उभी. जन्मात कधी ती फळ्यापाशी आली नव्हती. धाकटीला भडभडून आलं.

"जाऊबाई, पाच दिवस पाऊस नाही," ती घाईघाईने म्हणाली. "पेरू नका. मीही पेरणार नाही, खरंच."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. गिरणीच्या दाराशी जाऊन तिने आत हाक मारली.

"भाऊ, जरा बाहेर या. फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

गिरणीवाला पिठाचे हात झटकत आला. एकदा धाकटीकडे, एकदा थोरलीकडे बघून त्याने वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमाने.

"एवढंच आहे?" थोरलीने विचारलं. "दुसरं काही नाही ना?"

"एवढंच आहे," गिरणीवाला म्हणाला.

थोरलीने मान हलवली आणि वाटेला लागली. धाकटी हातात खडू धरून तिथेच उभी राहिली.