सुरमीचं औषध आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बांबूचा नळा आहे. खालचं पेर बंद, वरचं तोंड तिरपं कापलेलं. पिशोरच्या आप्पांनी मला विळ्यानं तासलं आणि तोंडाची धार दगडावर घासून गुळगुळीत केली. काम एकच, आजारी मेंढराला औषध पाजायचं. आप्पांची बायको बानाबाई मेंढराची मान वर धरायची, मला गालाच्या कोपऱ्यातून आत सारायची, की सगळं औषध एका दमात घशाखाली! थुंकी माझ्या अंगावर आणि कौतुक बानाबाईचं. चालायचंच.

पुढं आप्पा वारले. त्यांचा मुलगा बिरू याला चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली. मेंढरं विकली आणि बिऱ्हाड शहरात, गारखेड्याला आलं. सोबत कळपाची राखण करणारी कुत्री आली. डोळ्यांभोवती काळी कड, म्हणून तिचं नाव सुरमी. मला पत्र्याखालच्या वाशात खोचलं. सहा वर्षं मी धूळ खाल्ली. शहरात नळ्याला कोण विचारतो?

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरात सारखे मोर्चे आणि बंद चालायचे. शेजारचा सखाराम, गुरांच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, नामांतराच्या मोर्चात जायचा. बिरू विरोधातला. एकदा पाण्याच्या रांगेत दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं.

त्यातच सुरमीला रक्ताची हगवण लागली. सखारामचं तोंड बघायला नको, म्हणून बिरू आणि बानाबाईनं तिला छावणीतल्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तीन दिवस सलाईन लावलं आणि सांगितलं, “आता घरी जपा. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत राहा.”

पाजा! हा शब्द ऐकून बानाबाईनं घरी येताच थेट वाशाकडं हात घातला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मेंढपाळाच्या घरात पाजणं म्हणजे मान वर आणि घशात धार. दुसरा अर्थ तिला ठाऊक नव्हता, मलाही नव्हता. मी भरभरून ओतलं. अशक्त सुरमीला गिळवेना. नाकातून पाणी आलं, ठसका लागला, श्वास घरघरू लागला.

“अगं माय, माझ्याच हातानं मारलं की गं हिला!” बानाबाईनं कपाळ बडवून घेतलं. नेमका त्या दिवशी बंद होता. रिक्षा नाही, दवाखाना नाही.

“सखारामला बोलव,” ती बिरूला म्हणाली.

“मी नाय जाणार.”

“मंग मी जाते. तिचा जीव चाललाय अन् तुला तुझा ताठा प्यारा!”

सखाराम जेवणावरून उठून आला, उष्ट्या हातानं. त्यानं सुरमीचं तोंड खाली धरलं, पाणी गळू दिलं, पाठ थोपटली. तिचा श्वास जरा मोकळा झाल्यावर त्यानं मला उचलून पाहिलं.

“मावशी, हे मेंढराचं काम. हिला असं पाजायचं नाय, चाटवायचं. ठसका पुरा थांबू द्या, मंग बोटानं गालात थेंब थेंब. गिळलं तरच पुढचा.”

चार दिवस तो रोज येऊन इंजेक्शन देऊन गेला. बानाबाई मांडी घालून बोटानं चाटवत राहिली. बिरू सुरमीच्या अंगाखालचं पोतं बदलायचा. पाचव्या दिवशी सुरमीनं आपण होऊन वाटी चाटली, तेव्हा बिरूनं स्वतः चहा करून सखारामच्या हातात दिला. नामांतरावर दोघांचं मत होतं तेच राहिलं. बोलणं मात्र सुरू झालं.

बिरू मला चुलीत घालणार होता. “राहू दे रे. त्याचा काय दोष? शहाणी तर मीच!” असं म्हणून बानाबाईनं मला पुन्हा वाशात खोचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, घरात मुकं जनावर आजारी असेल, तर औषध द्यायचं म्हणजे नेमकं कसं, हे डॉक्टरांना दोनदा विचारा. विचारायला लाज कसली? सुरमी पुढं तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत तिच्यासाठी कुणी मला खाली काढलं नाही, आणि मीही हूं की चूं केलं नाही. तिची माझ्या हातून झालेली खरी सेवा तेवढीच.